कृतज्ञता वहीला मार्क द्यावेत का? पोरांना खरंच बरं वाटतं का त्यानं?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. मी इथे सोलापुरातच एका कॉलेजात शिकवतो. मागच्या वर्षी वर्गातला एक मुलगा दोन महिने येईनासा झाला, नंतर कळलं की तो रात्र रात्र झोपत नव्हता, खोलीवर एकटाच बसून असायचा. आता बरा आहे तो. पण त्याने मला काही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, हे डोक्यातून जात नाही. म्हणून यंदा सेकंड इयरला एक वही करायला लावली, दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पाच गोष्टी लिहायच्या, ज्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञ वाटलं. इंटर्नलचे ५ मार्क ठेवले, कारण मार्क नसले की पोरं करत नाहीत.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हाच प्रयोग छापला होता, कॉलेजच्याच पोरांवर, दहा आठवडे, आठवड्याला जास्तीत जास्त पाच गोष्टी. लिहिणाऱ्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं, अंग दुखतंय डोकं दुखतंय या तक्रारी कमी झाल्या, व्यायामही वाढला. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलंय, "चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा मी कॉलेजला होते, आई कामावर, शेजारच्या काकूंनी आमची पण दोन पिंपं भरून ठेवली." वाचून मला भरून आलं. असं लिहून पोरांना आधार मिळतो असं माझं ठाम मत आहे. तुमचं सांगा.

घरकुलवाला:
सर, रागावू नका पण मला नाही पटलं. मी पण असली वही लिहिलोय, दुसऱ्या कॉलेजात. माझी आई विड्या करते, बाबा एमआयडीसीत यंत्रमागावर, रात्रपाळी. वहीत आईचं नाव लिहायला घेतलो की हात थांबायचा, का की तिकडं ती पाठ धरून बसलेली असते, हजार विड्या झाल्याशिवाय उठत नाही, आणि मी इकडं बसून तिचे आभार मानलालो, ते पण ५ मार्कासाठी. कृतज्ञ नाही वाटत सर तिथं, अपराधी वाटतं. उपकाराचं ओझं डोक्यावर असलेल्या पोराला अजून किती वेळा आठवण करून द्यायची? आमच्यात आईला थँक्यू म्हटलं तर ती म्हणते काय बे, परका झालास का.

आणि मला खरं जे लिहायचं होतं, स्कॉलरशिप जमा झाली नाही, फी राहिलेल्यांच्या लिस्टमध्ये माझं नाव बोर्डावर लागलं, ते लिहायला त्या वहीत जागाच नव्हती. मग मी काय केलो, दहा आठवड्यांचं एका रात्रीत लिहून टाकलो. सूर्य, झाडं, आईवडील, गुरुजन, देश. पैकीच्या पैकी पडले.

बाळीवेस:
एवढा विचार कशाला करायचा. आमच्या घरी सकाळी अंघोळ झाली की सिद्धरामेश्वरांच्या फोटोपुढे हात जोडायचे, जेवताना पहिला घास बाजूला काढायचा, झाली कृतज्ञता. वही लागली नाही कधी. घरातून हे गेलं म्हणून कॉलेजला शिकवायची वेळ आली.

मानस_एमए:
सरांनी सांगितलेला अभ्यास खरा आहे पण एक बाजू राहिली. त्यात तीन गट होते, एक चांगल्या गोष्टी लिहिणारा, एक दिवसभरातल्या कटकटी लिहिणारा आणि एक साध्या घडामोडी लिहिणारा. फरक सगळ्यात ठळक दिसतो तो कटकटी लिहिणाऱ्यांशी तुलना केली की. साध्या घडामोडींशी तुलना केली तर तो बराच कमी होतो. पुढे क्रेग आणि चीव्हन्स यांनी असे २७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर नैराश्य आणि चिंता यांवर परिणाम अगदी थोडा निघाला, ज्यांना खरंच त्रास आहे त्यांनी जास्त खात्रीचे उपचार घ्यावेत असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. सर, तुमच्या त्या न झोपणाऱ्या मुलाला वहीने किती हात दिला असता हा प्रश्न मला पडतो.

आता दुसरं, २०१८ साली वाँग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, जवळपास ३०० जण, बहुतेक कॉलेजातले, आणि सगळे आधीच समुपदेशनासाठी आलेले. त्यातल्या एका गटाने कुणाला तरी आभाराची पत्रं लिहिली, ती पाठवायची सक्ती नव्हती, बहुतेकांनी पाठवली पण नाहीत. तरी १२ आठवड्यांनी त्यांची मनाची तब्येत बाकीच्यांपेक्षा चांगली होती. पण तिथे समुपदेशक होता हो! जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. सर, तुमच्याकडे आहे का?

सांगोल्याची:
मी केगावला विद्यापीठात एमएस्सी करते, हॉस्टेलवर. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपली प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचे. पहिल्या सेमला फार वाईट दिवस होते, रोज वाटायचं बॅग भरून घरी जावं. आधी मी नुसत्या तक्रारीच लिहायचे, पानंच्या पानं, आणि लिहून झालं की जास्त रडू यायचं, तेच तेच फिरून यायचं. मग एकदा रात्री उशीर झाला, स्टँडवर शेवटची गाडी गेलेली, तिथल्या चहावाल्या मावशींनी मला बाकावर बसवून घेतलं, मैत्रीण गाडी घेऊन येईपर्यंत दुकान बंद केलं नाही त्यांनी. ते मी दोन पानं लिहिलं. नुसतं "मावशींचे आभार" असं नाही, त्यांनी स्टूल कुठे ठेवलं, काय बोलल्या, सगळं. त्या रात्री झोप लागली. म्हणून घरकुलवाले दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण हे सगळं खोटं असं मला नाही म्हणता येत.

आणि काका, देवापुढे मीही हात जोडते, पण त्यात मावशी कुठे येतात?

घरकुलवाला:
ताई तुमचं खोटं म्हणतच नाही मी. तुम्हाला कोण मार्क दिलं होतं का? कोण वाचलं होतं का? तेच तर सांगलालो.

मानस_एमए:
तक्रारी लिहिण्याबद्दल एक. पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरांना चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं सगळ्यात दुखरं लिहायला लावलं होतं. लिहिल्या लिहिल्या पोरांना वाईटच वाटलं, पण काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे घरकुलवाल्याला जे लिहायचं होतं त्यालाही जागा हवीच. फक्त ताई म्हणतात तसं महिनोन्महिने तेच उगाळत बसलं तर मग कुणाशी तरी बोलायलाच हवं. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

विजापूररोड_आई:
सर, एक विचारू का? त्या पाण्याच्या पिंपाबद्दल लिहिणाऱ्या मुलीला विचारून इथे टाकलंत का? माझी मुलगी त्याच वयाची आहे. आपल्या घरी पाणी भरायला माणूस नव्हतं हे सर चारचौघांत सांगतात असं कळलं तर ती परत खरं लिहिणार नाही, वहीतही नाही आणि कुठेच नाही.

जुळेसोलापूरकर:
नाही विचारलं. ताई, चूक झाली माझी. चांगल्या मनाने टाकलं पण ते माझं नव्हतंच टाकायला.

घरकुलवाल्या, तू जे सूर्य झाडं देश लिहिलंस ना, तसल्या वह्या माझ्याकडे पण आहेत, निम्म्या तरी असतील. मी त्यांनाही पैकीच्या पैकी दिलेत. एकाच वर्गात ती मुलगी आणि तू दोघंही असणार, आणि मी मार्क ठेवून तुझी सोय केली, तिची नाही. लिहिण्याने बरं वाटतं यावर मी अजून ठाम आहे, सांगोल्याच्या ताईंचं वाचून तर जास्तच. पण ५ मार्क काढतोय. शुक्रवारचा तास तसाच ठेवणार, ज्याला जे लिहायचं ते, चांगलं किंवा वाईट, वही आपापल्या बॅगेत, मी बघणार नाही. समुपदेशक आमच्याकडे नाही, त्याचा अर्ज प्राचार्यांकडे देतो.

बाळीवेस:
मार्क काढले तर लिहिणार कोण?

जुळेसोलापूरकर:
काका, ४ जणांनी लिहिलं तरी चालेल.

विजापूररोड_आई:
आणि त्या मुलीला सांगाल का?

जुळेसोलापूरकर:
सोमवारी पहिल्या तासाआधी. वर्गाबाहेर, एकटीला. वरचं ते वाक्य आत्ता लगेच काढायला सांगतोय.