मदत हवी आहे : पिण्याच्या पाण्यावर परदेशातली मुलं वाद कसा घालतात?

मंडळी, नमस्कार. मी इंदूरची. नववीतल्या भाचीला वादविवाद स्पर्धेसाठी विषय मिळालाय, 'पिण्याचं पाणी फुकट असावं का?'

आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आला की आई आधी तपेलीत धरून पाणी गढूळ तर नाही ना बघते, मगच हंडा लावते. त्यामुळे भाचीचे सगळे मुद्दे नळाच्या वेळेभोवती फिरतात. मी तिला केप टाउनचं सांगितलं. २०१८ साली तिथे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा होती. अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये २०१४ला शहराला दुसऱ्या नदीचं पाणी दिलं आणि जुन्या पाइपांमधलं शिसं त्यात उतरलं. तिथल्या मुलांचा पहिला प्रश्न 'किती?' नसून 'तपासलं का?' असा असणार, असं मला वाटतं.

कुणाची मुलं बाहेरच्या देशात शिकत असतील तर कृपया विचारून सांगा. वर्गात ती हक्कावरून भांडतात, बिलावरून, की तपासणीच्या आकड्यांवरून?

आणि इंदूरला नर्मदेचं पाणी आणा म्हणून १९७०ला झालेल्या आंदोलनात उतरलेले कुणी काका-आजोबा इथे असतील, तर तेव्हा कॉलेजात पोरं काय बोलायची, तेही हवंय. स्पर्धा येत्या शनिवारी आहे.