मदत हवी आहे: ट्रायबल क्लिनिक, मेडिकेड आणि होम केअर एजन्सीशी करार

नमस्कार मंडळी,

वॉशिंग्टन राज्यात (डीसी नव्हे, सिअ‍ॅटलवालं) एका नेटिव्ह अमेरिकन जमातीच्या क्लिनिकमध्ये मी हिशेब आणि क्लेमचं काम बघते. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची केंद्र आणि राज्याची आरोग्य योजना) किंवा बिलिंगमधलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं, भरवणं, घर आवरणं अशी कायमची देखभाल मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्राचा आरोग्यविमा) देत नाही, मेडिकेड देतं. आमच्या राज्यात त्याचा खर्च साधारण निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. पण नेटिव्ह अमेरिकन पेशंटला सेवा इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या (नेटिव्ह अमेरिकनांसाठीची केंद्र सरकारची आरोग्यसेवा) किंवा जमातीच्या दवाखान्यातर्फे मिळाली, तर 1976 पासून सगळा खर्च केंद्र उचलतं. फेब्रुवारी 2016 मध्ये हा नियम सैल झाला. आता घरी येऊन देखभाल करणारी बाहेरची एजन्सीही चालते. फक्त सेवा आमच्या डॉक्टरने मागवलेली हवी, एजन्सीने पेशंटची माहिती आम्हाला परत पाठवायला हवी, पेशंटची जबाबदारी आमच्याकडेच राहायला हवी आणि या सगळ्याचा लेखी करार हवा.

घोडं अडलंय ते करारावर. पैसे वाचणार राज्याचे, कागद रंगवायचे आम्ही आणि एजन्सीने. आमच्या रिझर्वेशनवर (जमातीच्या राखीव प्रदेशात) मदतनीस पाठवायला तयार असलेली एजन्सी एकच. तिथल्या मॅनेजरबाई सरळ म्हणाल्या, "सही केली काय, न केली काय, आम्हाला तासाचा दर तोच. मग तुम्हाला नोट्स कशाला पाठवत बसू?" त्यांचं काय चुकलं?

राज्याने 2019 मध्ये कायदा करून ही बचत जमातींच्या आरोग्यासाठी वेगळ्या खात्यात टाकायची सोय केली आहे. घरच्या देखभालीतून होणारी बचत त्यात धरतात का? धरत असतील तर त्यातून एजन्सीला या जादा कामाचे काही पैसे देता येतील का? कुणी तसं केलंय?

दुसरी अडचण वेगळीच. एक आजी मेडिकेडच्या अर्जावर सहीच करत नाहीत. आपण गेल्यावर मेडिकेडने केलेल्या खर्चाच्या वसुलीत सरकार जमीन घेईल, असं त्यांच्या मनात पक्कं बसलंय. ट्रस्टमधली (केंद्र सरकारने नेटिव्ह अमेरिकनांसाठी विश्वस्त म्हणून धरलेली) जमीन 2009 च्या कायद्याने या वसुलीतून वगळलेली आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि कॉफी हवी का विचारलं. सरकारने इथल्या जमिनी कशा घेतल्या ते माहीत असताना त्यांना उगाच घाबरतात म्हणवत नाही. त्यांच्या जमिनीपुरतं राज्याकडून लेखी पत्र मिळू शकतं का?

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओक्लाहोमा, नॉर्थ डकोटावाल्यांनी जरूर लिहा. 'मनी फॉलोज द पर्सन'च्या (नर्सिंग होमऐवजी घरी देखभाल मिळावी म्हणून असलेली मेडिकेडची योजना) ट्रायबल उपक्रमात आपली पाचही राज्यं होती, तेव्हा कुठेतरी हे आधी झालं असणार. एजन्सीवर कमीत कमी काम टाकणाऱ्या कराराचा मसुदा असेल तर नावं काढून व्यनि (खाजगी निरोप) करा.

"वकिलाला विचारा" एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या, त्यांना विचारून झालंय.