माशाचा फिले (बिनकाट्याचा तुकडा) ग्रिलच्या जाळीला चिकटतो त्याबद्दल
उलटताना फिले जाळीला चिकटून तुकडे होतात असं कुणीतरी विचारलंय, तर तेल वाढवण्याआधी ओलावा बघा. मीठ-मसाला लावून ठेवला की पाणी सुटतं, ते टिश्यूने हलकेच टिपा, मग माशालाच तेल लावा, आणि जाळी कडक तापल्याशिवाय ठेवूच नका. एकदा ठेवला की सारखा ढोसायचा नाही, खालून नीट भाजला की बहुतेक आपणहून सुटतो, ओढावा लागतोय म्हणजे थांबा अजून जरा. आणि काहीजण सांगतात ते लिंबाच्या रसात तासभर मुरवणं मला तरी पटत नाही, आंबटाने मासा बाहेरून पिठूळ होतो, १५-२० मिनिटं पुष्कळ झाली. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस, नसेल तर जाड भागात काटा (फोर्क) घालून पाकळ्या सुटतायत का बघा. कॉड (एक समुद्री मासा) असेल तर मात्र उलथनं रुंद घ्या, फार भुसभुशीत असतो तो.