नान्नजच्या माळाबद्दल गणपतीत देखावा करायचाय, काय दाखवावं?

विजापूररोडवाला:
नमस्कार मंडळी. यंदा मंडळात चाललंय की नेहमीचा देखावा सोडून माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यावर काहीतरी करावं. नान्नज आपल्या सोलापूरपासून वीसेक किलोमीटर, अभयारण्य १९७९ चं, पण आमच्या गल्लीतली पोरं बार्शी रोडनं हुरडा पार्टीला जाऊन येतात आणि माळ म्हणजे नुसती पडीक जमीन समजतात. चित्रं, छोटं नाटक, लेझीम, जमेल ते करू. पण माळढोक आता दिसणंच अवघड म्हणतात, मग दाखवायचं काय?

चित्रकलेचा_मास्तर:
धबधबा तेवढा काढू नका 😀 शहरात कुठलीपण "निसर्ग वाचवा"ची भिंत बघा, वाघ, धबधबा आणि हिरवंगार जंगल. यातलं आपल्या माळावर काय हाय ओ? पोरांना काळवीट काढा म्हणलं की अंगावर ठिपके देतात, ते झालं चितळ. काळविटाचा नर वरून काळा, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि पिळाची शिंगं. शिवाय लांडगा आहे, खोकड आहे, चंडोल, धाविक असले पक्षी आहेत, हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातो. हे सगळं गवताच्या जिवावर जगतं, तेच दाखवा की. माळढोकाची जागा मोकळी सोडली तरी चालेल, लोक विचारतील.

पूर्वभागकर:
मागाचं कुणी बोललंच नाही बे! आमच्या घरात दोन पिढ्या यंत्रमागावर. चादरीवर मोर चालतो मग माळढोक का नको? जेकार्डला, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्राला, आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात, मग पुठ्ठ्याची कार्डं पंच करतात, बाण्याच्या म्हणजे आडव्या एकेका धाग्याला एक कार्ड, त्यामुळं खर्च सगळा सुरुवातीला, पुढं कितीपण विणा. जाड सुतात बारीक पिसं उठणार नाहीत पण नराची काळी टोपी, लांब पांढरी मान आणि छातीवरचा काळा पट्टा हे झकास येईल. आमच्याकडं वॉलहँगिंग करणारी जुनी माणसं आहेत, त्यांना देखाव्यात बसवा, चालू माग बघायला गर्दी होतीय का नाही बघा.

रानमसलेकडचा:
सगळं छान आहे पण आमचंबी ऐका. अभयारण्य जाहीर झालं ते जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे गावंच्या गावं आत. जमिनीच्या व्यवहाराला अडचण, घरात लग्न निघालं तरी तुकडा विकता येईना. नंतर क्षेत्र कमी करून बाराशेवर आणलं पण तोवर म्हातारी माणसं त्या पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायला लागली होती. हे नाटकात घेणार का? नाहीतर शहरवाले शहाणे आणि गावाकडचे शिकारी असलंच दाखवतात दरवेळी. माळ माहितीये तो मेंढरं चारणाऱ्यांना. सुंबरान मांडणारे, म्हणजे ओव्या गाणारे धनगर अजून आहेत आमच्याकडं, त्यांना मानानं बोलवा आणि मानधन द्या, नुसता नारळ नको.

विजापूररोडवाला:
@रानमसलेकडचा दादा हे घेतोच. लग्न अडलेलं घर, नाटकाला विषयच मिळाला. आणि विसर्जनानंतर लेझीम पथक घेऊन तिकडं जायचं पण डोक्यात आहे.

चित्रकलेचा_मास्तर:
लेझीम, हलगी, डीजे काहीच तिकडं नेऊ नका राव. माळढोक पावसाळ्यात उघड्या जमिनीवर अंडं घालतो आणि तेपण बहुतेक एकच. टिटवी, चंडोल सगळ्यांची घरटी जमिनीवरच असतात. गणपतीत जे करायचं ते शहरात करा, माणसं न्या थंडीत, थोडी थोडी, वनखात्याला आधी विचारून.

पूर्वभागकर:
मग असं करू, गणपतीत देखावा आणि विणलेला माळढोक जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला. नक्षीचा कागद कोण काढतंय ते सांगा, मास्तर तुम्हीच काढा, कार्ड पंच करणाऱ्याला मी विचारून ठेवतो.