चाळीस हजारांत ट्रेलसाठी हार्डटेल: पैसे शॉकअपमध्ये घालावेत की चाकांत?

मुरूमवाट

बहिणीचा मुलगा यंदा अकरावीला गेलाय. तीन महिने झाले, दर रविवारी माझी जुनी सायकल घेऊन आमच्याबरोबर येतोय आणि एकदाही दमलो म्हणून मागे फिरला नाही. आता त्याला स्वतःची हार्डटेल, म्हणजे मागे शॉकअप नसलेली माउंटन सायकल, हवी आहे. घरातून चाळीस हजार मंजूर झालेत. दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे पहिला शब्द एकच, "शॉकअप बघा सर, लॉकआउट आहे." (लॉकआउट म्हणजे शॉकअप दबू नये म्हणून तो बंद करायची सोय.) आपल्याकडे सायकल घेताना इथेच चूक होते असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की या बजेटमध्ये पुढच्या फोर्कसाठी (पुढचं चाक धरणारे दोन पाय, शॉकअप त्यातच असतो) एक रुपयाही जादा मोजू नये. मिळाला तर सरळ रिजिड, म्हणजे शॉकअप नसलेला, फोर्क घ्यावा. पैसे चाकं, टायर आणि ब्रेकवर घालावेत.

आपला ट्रेल म्हणजे सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकडच्या मुरमाड वाटा, कालव्याच्या कडेचे रस्ते आणि माळावर गुरांनी पाडलेल्या पायवाटा. इथे माणूस कशाने थांबतो? काट्याने. परवा ओसरीवर टायर उलटा करून बसलो होतो. आतून कापसाचा बोळा हळू फिरवायचा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. एका मागच्या टायरमधून अकरा निघाले, नऊ बाभळीचे आणि दोन सराटे. त्यातले चार बाहेरून दिसतही नव्हते, नुसत्या बोटाला लागलेही नसते. ट्यूब बदलली आणि हे चार तसेच राहिले, की दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर.

आता फोर्कचं बघा. पोराचं वजन ५२ किलो. माझ्या सायकलला १०० मिमीपर्यंत दबणारा साधा कॉइलचा, म्हणजे स्प्रिंगचा, फोर्क आहे. त्याच्या नळीला रबरबँड बांधून त्याला दीड तास माळावर फिरवलं. रबरबँड ३८ मिमीवर थांबला, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त तेवढाच दबला. म्हणजे अडीच किलोच्या आसपासचं लोखंड तो पुढे वाहतोय आणि त्यातलं निम्मंही वापरात नाही. रिजिड फोर्क एक-सव्वा किलोत येतो, त्यात तेल नाही, सील नाही, धूळ जायला जागा नाही.

आणि ज्यांनी हा खेळ सुरू केला त्यांच्याकडे कुठे शॉकअप होता? १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत ‘रिपॅक’ची उताराची शर्यत सुरू झाली, ती जुन्या जाड टायरच्या सायकलींवर. जवळजवळ सगळ्या रिजिड.

घाटउतार

मुरूमवाट, काट्यांचं शंभर टक्के पटलं. फोर्कचं अजिबात नाही.

शॉकअप हाताला आराम मिळावा म्हणून असतो हा समज आधी काढून टाकू. त्याचं खरं काम पुढचं चाक जमिनीला चिकटवून ठेवणं. तुळजापूरच्या अलीकडे बालाघाटाच्या कडेला जे उतार आहेत तिथे या एकदा. नारळाएवढे सुटे दगड, मध्येच पाण्याने कापलेली चर. रिजिड फोर्क असला की चाक दगडावर आपटतं आणि उडतं. उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि ते वळतही नाही. मी दोन वर्षांपूर्वी रिजिडवर असाच पडलो. डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

तुमच्या रबरबँडने एवढंच सिद्ध झालं की ती स्प्रिंग त्या पोरासाठी कडक आहे. त्यावर उपाय हवेचा फोर्क. त्यात छोट्या पंपाने वजनाप्रमाणे दाब भरता येतो. सगळं सामान अंगावर घेऊन सायकलवर बसल्यावर तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे, हे गणित ५२ किलोलाही जमतं आणि ९० किलोलाही.

रिपॅकचंही पूर्ण सांगा. त्या सायकलींना मागे पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक होता. एका उतारात हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यातलं, ग्रीस तापून जळायचं, ते पुन्हा भरावं लागायचं म्हणून नाव रिपॅक. त्यांच्याकडे शॉकअप नव्हता कारण माउंटन सायकलसाठीचा शॉकअप अजून बाजारात आलाच नव्हता. १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा शॉकअपचा फोर्क आला आणि पुढच्या काही वर्षांत शर्यतीतले लोक एकेक करून त्यावर गेले. ज्यांना उतार माहीत होता त्यांनीच तो उचलला.

चाळीस हजारांत नवीन सायकलवर हवेचा चांगला फोर्क मिळणं अवघड, हे मान्य. म्हणून जुनी घ्या. तीन-चार वर्षं वापरलेली, वरच्या दर्जाची. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा, नख अडकलं तर सोडून द्या.

चाटीगल्लीकर

जुन्या सायकलीला माझा ठाम विरोध. मी पंधरा वर्षं सायकली उघडतोय. नळीवर नख फिरवून फोर्क कळेल, फ्रेमचं काय? मागच्या वर्षी एकाने मोठ्या शहरातून सायकल आणली. दिसायला नवी कोरी. हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या ज्या नळीत फोर्क बसतो तिच्या) खालच्या वेल्डिंगपाशी रंगावर केसाएवढी रेघ होती, त्याला वाटलं ओरखडा. मी कापड रॉकेलमध्ये भिजवून पुसलं, दहा मिनिटं थांबलो, तर रेघेतून पुन्हा ओल वर आली. आत भेग. ॲल्युमिनियम वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. अकरावीच्या पोराला असल्या सायकलवर उतारावर सोडणार का तुम्ही?

मुरूमवाट, तुम्ही चाकं म्हणालात ते बरोबर, पण नुसती रिम आणि टायर बघून भागत नाही. हब बघा. या किमतीत कितीतरी सायकलींना मागे अजून फ्रीव्हीलचा हब येतो, दातेरी चक्रांचा संच ज्यावर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, लांब तुकडा आधाराशिवाय बाहेर. खड्डे आदळून तो वाकतो, नाहीतर तुटतो. मग चाक डुलायला लागतं, लोक माझ्याकडे ‘रिम आऊट झाली’ म्हणून येतात आणि मी रिमला हात न लावता एक्सल काढून दाखवतो, धनुष्यासारखा झालेला. कॅसेटच्या हबमध्ये, जिथे चक्रं हबच्या खाचांवर सरकवून बसवतात, बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतं, म्हणून तो टिकतो.

ओळखायचं कसं? दुकानात सायकल उभी करा आणि मागची चक्रं हाताने उलटी फिरवा. सगळ्यात छोट्या चक्राच्या आत खाचांची रिंग दिसते. ती चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट. ती जागेवर थांबली आणि नुसती चक्रं फिरली तर फ्रीव्हील. ७ स्पीड, ८ स्पीड हा आकडा बघून ठरवू नका.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या पाटीवरचा भाव सांगत असतील तर विचारा.

पहाटफेरी

तुम्ही सगळे वस्तूंवर भांडताय, पण त्या मुलाची उंची कुणीच विचारली नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच. पहिली सायकल घेताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीट खाली केली की झालं." मी विश्वास ठेवला. सीट खाली गेली, हँडल जिथल्या तिथे. उतारावर हात पूर्ण ताणलेले, ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटाचं फक्त टोक पोचायचं. दीड वर्ष मला वाटत होतं की मीच भित्री आहे. मग मैत्रिणीची छोट्या फ्रेमची सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी त्याच उतारावरून न उतरता खाली आले. तिचा फोर्क माझ्यापेक्षा स्वस्त होता.

ट्रेक कंपनीच्या मार्लिन मॉडेलमध्ये छोट्या फ्रेमला कंपनी स्वतःच २७.५ इंची चाक लावते आणि मोठ्यांना २९ इंची. यात काही कमीपणा नाही, तशी मापंच असतात. मुलगा अजून वाढेल म्हणून एक माप मोठी घेऊ नका. आणि ब्रेकचा दांडा आत घ्यायचा स्क्रू आहे का बघा, छोट्या हातांसाठी तो शॉकअपपेक्षा मोलाचा आहे.

काळं रान

ट्यूबलेस घ्या असं अजून कुणी म्हणालं नाही, पण म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. मी वर्षभर वापरलं. काट्यावर खरंच चांगलं आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती, दोन महिन्यांनी टायर उघडला तर सीलंटचं (भोक बुजवायला आत भरतात त्या द्रवाचं) रबर होऊन चिकटलेलं. दर वेळी पुन्हा भरायचं, टायर रिमवर बसवायला कॉम्प्रेसर शोधायचा. शिकणाऱ्या पोराला हा खर्च नको. साधी ट्यूब घ्या, मोटरसायकलसारखा व्हॉल्व असलेली, त्याची सुई काढून आतच सीलंट ओता.

आणि २.४ इंच रुंद टायर बघून हुरळून जाऊ नका. पावसाळ्यात काळ्या मातीत टायर आणि फोर्कच्या मध्ये चिखल असा गच्च बसतो की चाकच फिरत नाही. जागा मोकळी पाहिजे, मला २.२ पुरतो. तेही वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात सायकल घालूच नये. पाऊस पडला की दोन दिवस मुरूम धरा.

नवशिका सायकलस्वार

नान्नजच्या माळावर फिरायला कोणती सायकल चालेल? गवताळ आणि सपाट आहे, काटे पण कमी दिसतात.

काळं रान

अभयारण्याच्या गवतात कोणतीच नाही. हात जोडून सांगतो. १९७९ मध्ये माळढोकसाठी ते राखलं गेलंय. काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि चंडोलासारखे पक्षी तिथे जमिनीवर, गवताच्या बुडाशी घरटं करतात. तुमच्या टायरला ते कळणारही नाही. डांबरी रस्त्याने जा, वनखात्याच्या परवानगीने बघा, सायकल बाहेर ठेवा.

मुरूमवाट

पहाटफेरी, तुमचं वाचून काल रात्रीच भिंतीला पाठ लावून पोराला उभा केला. उंची १६३ सेंमी, पायाची आतली लांबी ७४. दोन्ही दुकानांत त्याला मोठी फ्रेम दाखवत होते आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. हे मी आधी बघायला हवं होतं.

चाटीगल्लीकर, त्यातल्या एका दुकानात आज जाऊन चक्रं उलटी फिरवली. खाचांची रिंग जागेवर. नऊशे रुपये जास्त सांगत होते ‘वरच्या मॉडेल’चे, त्यातही तेच. उठून आलो.

घाटउतार, मनगटाचं वाचून वाईट वाटलं. पण मला सांगा, तुमच्या हवेच्या फोर्कचं सर्व्हिसिंग कुठे होतं? मला सोलापुरात कुणी करून देणारं सापडलं नाही. मित्राचा फोर्क कुरिअरने पुण्याला गेला आणि तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती. शाळा-कॉलेजच्या पोराचे तीन रविवार म्हणजे खूप झाले. आपल्या मुरमावर २.२ च्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की निम्मा शॉकअप तिथेच मिळतो.

घाटउतार

हवा कमी ठेवणार आणि आत ट्यूब? दगडाची कड लागली की ट्यूब रिमवर चेपते आणि सापाच्या दातांसारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. काट्यापासून वाचवलेलं सगळं तिथे जाईल. तुमच्याच मुद्द्याने जायचं तर ट्यूबलेस घ्यावं लागेल, काळं रान काहीही म्हणोत.

सर्व्हिसिंगचं मात्र खरं आहे. माझाही पुण्यालाच जातो. मी तो जूनमध्ये पाठवतो, तेव्हा तसंही रानात चिखल असतो.

जुन्या सायकलीचा आग्रह सोडतो, भेगेचं वाचून अंगावर काटा आला. पण मग नवीन घेताना एवढं तरी बघा: हेडट्यूब टेपर्ड हवी, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद. आज हवेचे बहुतेक चांगले फोर्क त्याच मापात येतात. सरळ हेडट्यूब घेतलीत तर पोराने दोन वर्षांनी स्वतःच्या पैशाने फोर्क घ्यायचा म्हटला तरी फ्रेम बहुधा त्याला घेणार नाही. आणि रिजिड लावायचाच असेल तर शॉकअपवाल्या फोर्कच्या उंचीचाच बघा. फोर्क २० मिमी बुटका झाला की हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा जमिनीशी असलेला कोन, सुमारे एक अंश उभा होतो. उतारावर तेवढ्यानेही सायकल पुढे कलंडल्यासारखी वाटते.

चाटीगल्लीकर

टेपर्डला माझा दुजोरा. कॅसेटचा हब, टेपर्ड हेडट्यूब, हायड्रॉलिक ब्रेक. शिमानो कंपनीचे एमटी२०० सुद्धा पुरेत, मिनरल ऑइलवर चालतात. फोर्क सध्या जो येईल तो येऊ द्या.

मुरूमवाट

‘जो येईल तो येऊ द्या’ एवढ्यापर्यंत मी येतो. फोर्कसाठी जादा पैसे मोजणार नाही, पण आलेला काढून रिजिड लावायचा हट्टही सोडला. हेडट्यूबचं मात्र तुमच्यामुळे कळलं, ते बघूनच घेईन.

घाटउतार

माझं मत तेच आहे, आणि ते लिहून पटणार नाही. पैसे मोजायच्या आधी रविवारी सहाला हिप्परग्याच्या बांधावर या, तिथून पुढे उतारावर जाऊ. माझ्या फोर्कमधली हवा ५२ किलोच्या हिशोबाने काढून ठेवतो. पोराला एक फेरी तुमच्या सायकलवर, एक माझ्या. रबरबँड घेऊन या, दोन्हीला बांधू.