प्रीमियम बीफ बर्गर: जास्त पैसे म्हणजे जास्त पौष्टिक का?

वसईची_लेक: मंडळी एक विचारायचंय. इकडे डॅलसला साध्या पॅटीच्या शेजारीच ते अँगस प्रीमियमचं काळं चकचकीत पाकीट असतं, किंमत जवळजवळ दीडपट, आणि लेक फुटबॉल खेळतो, सारखं प्रोटीन प्रोटीन करतो म्हणून महिनाभर मी तेच आणतेय. काल सहज पाकीट उलटं केलं तर एका पॅटीत (१/३ पाउंड) ३८० कॅलरी, ३० ग्रॅम फॅट!! साध्या ९०/१० खिम्यात (म्हणजे ९० टक्के मांस, १० टक्के फॅट) तेवढ्याच वजनाला फॅट निम्मं. मग प्रीमियम नक्की कशात?

खादाड_खंडू: चवीत ताई, अजून कशात! अँगस ही गुरांची जात, बास. आणि यूएसडीएचे (अमेरिकेच्या कृषी खात्याचे) प्राइम, चॉइस, सिलेक्ट हे ग्रेड बघतात ते मुख्य म्हणजे मांसात चरबीची जाळी किती, म्हणजे ग्रेड जेवढा वरचा तेवढी चरबी जास्त. ज्यूसी लागतं ते त्यामुळेच. आणखी एक गंमत, ८०/२० हे वजनाचं गणित, कॅलरीचं नाही. १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात साधारण २५४ कॅलरी, त्यातल्या १८० एकट्या फॅटच्या. २० टक्केच तर आहे म्हणून आपण खुशाल खातो.

मीठमसाला: बी१२, झिंक, लोह भरपूर मिळतं हे खरंय, मांसातलं लोह पालकापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागतं. पण ते स्वस्त खिम्यातही तेवढंच की. ग्रासफेडमध्ये (गवतावर वाढवलेल्या गुरांच्या मांसात) ओमेगा ३ थोडं जास्त असतं, त्यासाठी एवढे पैसे घालण्यापेक्षा बांगडा खा 😄

तवा_गरम: मी ९०/१० आणून घरीच थापते. कोरडं होतं, म्हणून किसलेला कांदा पाण्यासकट घालते, मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की पॅटी रबरासारखी होते. आणि आतून १६० फॅरनहाइट झालंच पाहिजे हं, स्टेकसारखं गुलाबी ठेवायचं नाही, खिमा करताना वरचे जंतू आत जातात.

वसईची_लेक: थँक्स सगळ्यांना. फ्रीजरमध्ये ४ उरल्यात त्या काय टाकत नाही, तव्यातला तवंग तेवढा काढून टाकेन. वसईला पप्पा म्हशीचं आणायचे, त्यात चरबी नावालाच, मम्मी वरून तेल घालायची आणि आम्ही कुरकुरायचो, मटण चिवट झालंय म्हणून.