टाळ्या नाहीत, तर चेंडू परत!

प्रश्न
लेक 22 महिन्यांची आहे. घरात आम्ही दोघं आणि आजी-आजोबा. तिने बूट जागेवर ठेवला तरी चौघांच्या टाळ्या! काल तिने एका बाळाला आपणहून चेंडू दिला. मला कोण आनंद! पण देताना ती बाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी नेमकी फोनवर. टाळ्या येईनात म्हटल्यावर बाईसाहेबांनी चेंडू हिसकावला, मला ओढत जवळ आणलं आणि मग पुन्हा दिला. हसू आलं, पण रात्री डोक्यात तेच. कौतुक कमी करायला हवं का? सासूबाई म्हणतात, "लेकराचं नाही करायचं तर कुणाचं?"

उत्तर 1
सासूबाईंशी भांडू नका. मी 11 वर्षं पाळणाघर चालवते. या वयात काही नवीन केलं की पोरं मोठ्यांच्या तोंडाकडे बघणारच, आणि चेंडू हिसकावणारच. "माझं" हा शब्द नुकता सापडलेला असतो ना!

टाळ्यांनी बिघडत नाही, बक्षिसांनी बिघडतं. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा 2008 सालचा प्रयोग आहे, 20 महिन्यांच्या मुलांवर. मोठ्यांना मदत केली की काहींना दर वेळी बक्षीस, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीसवाल्यांची मदत आटली. शाबासकीवाल्यांची नाही.

मी एकच बदल केलाय. "शहाणी गं बाई" म्हणण्याआधी समोरच्या मुलाकडे बोट दाखवते: "तू चेंडू दिलास, बघ, बाळ कसं हसतंय!" नजर माझ्यावरून तिकडे वळते. दर वेळी नाही वळत, पण वळते. आणि बाळ रडत असेल तर तेही दाखवायचं. हे आपण टाळतो.

उत्तर 2
ताईंचं पटतं, पण जपून. मी हे सुरू केलं आणि दिवसभर लेकाचं धावतं समालोचन करत बसलो. "तू डबा उघडलास, तू डबा बंद केलास..." शेवटी तोच म्हणाला, "बाबा, गप."

प्रश्नकर्ती
आज करून बघितलं. म्हटलं, "बघ, बाळ हसतंय." तिने बघितलं, क्षणभर. मग माझे दोन्ही हात धरून एकमेकांवर आपटले. सासूबाई स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवत होत्याच.